उगवतीला जुळवलेले आरसे

एका घराने जिवापाड जपलेली स्मृती आणि एका गावाला लागणारे पाणी ही दोन्ही एकाच तराजूच्या पारड्यांत ठेवण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये. आलाच, तर स्मृतीच्या बाजूने बोलणारा स्वार्थी ठरतो आणि पाण्याच्या बाजूने बोलणारा निष्ठुर. आणि वस्तुतः दोघेही खरेच बोलत असतात. अशा वेळी शास्त्रे निर्णय देत नाहीत. ती माणसाला क्षणभर थांबायला सांगतात, आणि मग त्याचे त्याच्यावर सोडून देतात. उत्तरा घळसासी हिच्यावर असा प्रसंग आला तेव्हा ती आपल्या वडिलांची एकुलती एक मुलगी होती आणि अर्कशालेची गणितज्ञही होती. या दोन्ही नात्यांनी तिला एकाच वेळी हाक मारली.

अर्कशाला माणदेशाच्या पूर्वेला, पाऊस चुकूनमाकून फिरकणाऱ्या एका उघड्या माळावर उभी आहे. भिंगाखाली कापूस पेटवणारे प्रत्येक मूल ज्या विद्येचा श्रीगणेशा करते, त्याच विद्येचे ते मंदिर. बाहेरच्या अंगणात मोठमोठे सपाट आरसे सूर्याबरोबर संथपणे फिरतात आणि त्याचा प्रकाश आत, एका अंतर्वक्र भिंतीवर धाडतात. ती भिंतही आरशांचीच. एखादी अवाढव्य परात काठावर उभी करावी तशी. तिच्यातला प्रत्येक लहान आरसा आपल्या वाट्याचे ऊन एकाच स्थानी पाठवतो. त्या स्थानाला नाभी म्हणतात. तिथे ठेवलेले लोखंड मेणासारखे ओघळते, आणि हे सारे धुराची एक रेघही न उमटता, एखाद्या ध्यानस्थ माणसाच्या श्वासाइतक्या शांततेत घडते.

ही भट्टी उत्तराच्या वडिलांनी, त्रिविक्रम घळसासींनी, उभारली. त्यांना सारा परिसर नाना म्हणून ओळखतो. नानांचे बालपण वेदपाठशाळेत गेले, तारुण्य प्रकाशशास्त्रात. आणि या दोहोंत कधी भांडण असू शकते हे त्यांना उभ्या जन्मात समजले नाही. आतल्या भिंतीतले आरसे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, इंदुमतीबाईंनी, एका रथसप्तमीला स्वतःच्या हातांनी जुळवले होते. नाना शिडीवर चढून आरशामागचे स्क्रू फिरवीत आणि इंदुमतीबाई नाभीपाशी पांढरा फलक धरून कवडसा कुठे पडतो ते सांगत. इंदुमतीबाई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. तेव्हापासून आतल्या आरशांना नानांखेरीज कोणी स्पर्श केलेला नव्हता. धूळही तेच पुसत.

रोज सकाळी काळा चष्मा लावून ते नाभीतल्या दगडी पाटासमोर बसत. पाटावर उतरणारा प्रकाश गोल नसे. खाली भरीव आणि वर निमुळता होत गेलेला, अगदी निरांजनातल्या ज्योतीच्या आकाराचा असे. नाना तिच्याकडे पाहत आणि काही बोलत नसत. हे त्यांचे संध्यावंदन होते, आणि त्यात इंदुमतीबाईही होत्या, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

त्या वर्षी फाल्गुनात सरपंच चतुराबाई विरकर अर्कशालेत आल्या. गावाच्या वरच्या अंगाला मृत सौरफलकांचे ढीग पडलेले होते. मागच्या पिढीने मोठ्या हौसेने लावलेले ते निळे फलक पंचवीस-तीस वर्षे वीज देऊन निमाले, आणि ते लावणाऱ्या कंपन्या त्यांच्याही आधी मिटल्या. फुटलेल्या काचांतून पाणी झिरपे, जोडकामातले शिसे घेऊन जमिनीत उतरे आणि विहिरींना मिळे.

"नाना, तपासणीवाली पोरगी येऊन गेली," चतुराबाई म्हणाल्या. "म्हणली, पाण्यात शिसं हाय. दिसत न्हाई, वास न्हाई, चव न्हाई. म्या म्हणलं, मग आमची सासू बरी हुती. निदान दिसायची तरी!"

नाना हसले. चतुराबाई हसल्या नाहीत.

"लेकरांच्या डोसक्यात जाऊन बसतंय म्हणं त्ये. मास्तर म्हणतो, काल शिकिवल्यालं पोरं आज इसरत्यात. त्यो ढीग उचलून दुसऱ्याच्या शिवारात टाकायचा, ह्ये काय मला पटत न्हाई. तुमची उत्तराताई म्हणली, हितंच वितळवता यील."

उत्तराने समजावून सांगितले. फलकांतला मौल्यवान भाग म्हणजे सिलिकॉन. काच, कथील, शिसे अलग केले आणि सिलिकॉन उन्हातच वितळवून शुद्ध केले, तर त्याचेच नवे फलक होतील आणि ढीग उरणार नाही. शिसेही बंदिस्त राहील. हे साधते का, याच्या परीक्षेसाठी शासनाने वैशाखापर्यंतचा काळ दिला होता. त्यानंतर पावसाळा, आणि पावसाळ्यात ढिगातून पुन्हा पाणी झिरपणार.

"सूर्य काही माझ्या मालकीचा नाही, चतुराबाई," नाना म्हणाले. "भट्टी आनंदाने घ्या. फक्त आतल्या आरशांना हात लागता कामा नये."

"आवं, आमी कशाला लावतोय? घरच्या आरशाम्होरं हुभं ऱ्हायाला सवड न्हाई."

नानांच्या अटीत कोणालाच काही अवघड वाटले नाही.

अर्कशालेत 'प्रतिभानू' नावाची एक गणनयंत्रणा होती. तिच्यात एक सूर्य होता. त्याच्या बिंबावरून यदृच्छेने एक किरण निवडायचा, तो बाहेरच्या आरशावर टाकायचा, परावर्तनाच्या नियमाने आत वळवायचा, आतल्या आरशावरून पुन्हा वळवायचा, आणि नाभीत तो जिथे पडेल तिथे एक खूण करायची. मग दुसरा किरण, मग तिसरा. एका किरणाला काही अर्थ नसतो, जसे एका दाण्याला रास म्हणत नाहीत. पण असे अब्जावधी किरण सोडले की खुणांची दाटी होत जाते आणि काळोखातून हळूहळू नाभीतल्या प्रकाशाचे चित्र उमलते. कुठे किती दाह होईल, हे भट्टी न पेटवताच कळते. सूर्य बिंदू नाही, आपल्या आकाशात तो अर्ध्या अंशाची चकती आहे. म्हणून निर्दोष आरशांच्या नाभीतही एक लहानशी गोल चकतीच उमटते. प्रतिभानूने तशीच चकती दाखवली. तिच्या मापाने मूस घडवली, म्हणजे सिलिकॉन वितळवायचे पात्र, आणि ती नाभीत बसवली.

पहिल्याच दिवशी मुशीचा वरचा काठ तडकला. दुसरी मूसही तशीच गेली, आणि तिसरीही.

"ताई, प्रतिभानू वर्तुळ म्हणतोय आणि दगडावर ज्योत दिसतेय," रियाज मुलाणी म्हणाला. तो उत्तराचा सहकारी, म्हसवडच्या कल्हईवाल्यांच्या घराण्यातला. "ज्योतीची शेंडी मुशीच्या काठावर बसतेय. काठ तापतो, पोट थंड. फुटणारच ना."

"शेंडीच्या ओळी झाकून पाहिल्या?"

"पाहिल्या. मग उष्णता कमी पडते. सिलिकॉन नुसतं लालबुंद होतं, वितळत नाही. आमचे आजोबा म्हणायचे, भांड्यात तोंड दिसलं तर कल्हई. इथं सूर्याचं तोंड वाकडं दिसतंय, म्हणजे आपली कल्हई कच्ची."

तेव्हा उत्तराने प्रतिभानूला उलट दिशेने चालवायचे ठरवले. आरसे ठाऊक असतील तर प्रकाश काढता येतो. मग प्रकाश ठाऊक असेल तर आरसे का काढता येऊ नयेत? ही विद्या तिच्या आधीच्या पिढीला परवडत नव्हती, कारण तिला अगणित शक्यता पडताळून पाहाव्या लागतात. आता यंत्रांना ते साधत होते. बाहेरचे आरसे एकेक करून उघडायचे, दगडी पाटावरच्या प्रत्येक कवडशाचे चित्र घ्यायचे, आणि यंत्राला विचारायचे: आतला कोणता आरसा किती कललेला असेल, तर प्रकाश बरोबर इथे पडेल? यंत्र कल्पित आरसे किंचित वळवी, किरण सोडी, ताडून पाही, पुन्हा वळवी. चैत्रातल्या त्या स्वच्छ, निळ्या दिवसांत माळावर सर्वत्र ऊन होते आणि गणनकक्षात दुसरे, हिशेबाचे ऊन. उत्तराला कधी कधी कळेनासे होई की आपण कोणत्या उन्हातून चालत आलो.

उत्तर आले तेव्हा रियाजने आरशांचे कल ओळीने मांडले. त्यात अव्यवस्था नव्हती. सर्वांत खालच्या ओळीतला पहिला आरसा सर्वाधिक कललेला, पुढचा जरा कमी, त्यापुढचा आणखी कमी. आणि वरच्या ओळींत तो दोष विरत विरत नाहीसा झालेला. एक सुरेख उतरती वक्ररेषा.

"चूक इतकी देखणी असते का?" रियाज म्हणाला.

उत्तरा त्या रेषेकडे पाहत राहिली. ती रेषा तिने पाहिली होती. लहानपणी गच्चीवर बसवून नानांनीच ती तिच्याकडून घोकून घेतली होती. उगवतीचा सूर्य दिसतो तिथे नसतो. हवेचा दाट थर त्याचा प्रकाश वाकवतो आणि त्याची प्रतिमा वर उचलून धरतो. सूर्य क्षितिजाखालीच असतो आणि आपण त्याला अर्घ्य देत असतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. क्षितिजावर सूर्य चौतीस कला उचललेला दिसतो, जरा वर आला की वीस, मग दहा, मग पाच. आणि तो चांगला माथ्याकडे आला की हा भास उरत नाही.

तिला सारे एकदम दिसले. बाहेरच्या आरशांना फिरवणारे यंत्र गणिताने येणाऱ्या सूर्याकडे पाहत होते. नाना आणि आई डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्याचा कवडसा धरून आरसे जुळवत होते. दुपारी जुळवले असते तर दोन्ही सूर्य एकच होते. पण दिवस रथसप्तमीचा होता, आणि ज्या घरात जन्मभर मुहूर्त पाळला गेला तिथे सूर्याची भट्टी त्या दिवशी उगवतीलाच जुळवायची, याबद्दल कोणाला प्रश्नही पडला नसेल. म्हणून प्रत्येक आरशाने, त्याला जुळवले त्या घटकेचा भास आपल्या कलामध्ये धरून ठेवला होता. ज्योतीचे निमुळते टोक म्हणजे त्या उगवतीचे पहिले आरसे होते.

"रियाज, हे आरसे नाहीत," ती हळूच म्हणाली. "ही एक सकाळ आहे."

रियाजचे समाधान व्यवहारातले होते. बाहेरचा एकेक मोठा आरसा आतल्या एकेका ओळीला प्रकाश देतो. तेव्हा आतल्यांना न शिवता बाहेरच्यांनाच तेवढ्या कला विरुद्ध दिशेने कलते ठेवले की झाले. "नानांना सांगायचीसुद्धा गरज नाही. एक आज्ञा लिहायची, बस्स."

"आणि उद्या सकाळी पाटावर त्यांना ज्योत दिसली नाही, की?"

रियाजने लिहायला घेतलेली आज्ञा पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी नाना पाटासमोर बसले असताना उत्तरा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"नाना, पहिला आरसा जुळवला तेव्हा सूर्य किती वर होता?"

"वर कसला? अर्धे बिंब क्षितिजात होते. तुझी आई म्हणाली, आता लावा हात." ते स्मितपूर्वक ज्योतीकडे पाहत होते. "का ग?"

तिला बोलावे लागलेच नाही. नानांच्या चेहऱ्यावरचे स्मित हलके हलके मावळत गेले.

"चौतीस कला," ते म्हणाले.

"हो."

"मीच तुला पाठ करायला लावल्या होत्या."

मग नाना कठोर स्वरात म्हणाले, "आता काय? पुसून टाकायची?"

"पुसायची नाही. आतल्या एकाही आरशाला हात न लावता..." आणि तिने बाहेरच्या आरशांचा उपाय सांगितला. "ज्या ओळीला जी घटका आठवते, तीच घटका आम्ही बाहेरच्या आरशाला सांगू. ओळ आहे तशीच राहील. मात्र ज्योत राहणार नाही, नाना. तिची चकती होईल."

"तुझी आई त्या ज्योतीला 'माझी' म्हणायची."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, आणि तरी सांगायला आलीस," नाना म्हणाले. त्या शब्दांत राग होता की कौतुक, हे उत्तराला उमगले नाही. "यंत्र काय म्हणते ते मला स्वतः पाहू दे."

गणनकक्षात उत्तराने प्रतिभानूमध्ये ती रथसप्तमी मांडली. माघातले आकाश, पूर्वेचे मोकळे क्षितिज, आणि कलांवरून काढलेल्या घटका. पडद्यावर काळोखी भिंत होती. मग बाहेर अर्धे बिंब आले आणि भिंतीत तळाचा एक आरसा उजळला. थोड्या वेळाने शेजारचा. मग तिसरा. कोणीतरी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकावे तसा प्रकाश सरकत होता. शिडी दिसत नव्हती, माणसे दिसत नव्हती. पण दोघे तिथे होते, हे त्या गतीवरून निःसंशय कळत होते. एका आरशापाशी जास्त वेळ लागला. नाना पुटपुटले, "त्याचा स्क्रू अडला होता." आणि पडदा न पाहताच पुढचे सांगू लागले, आणि पडद्यावर ते तसेच घडत गेले.

पहिली ओळ संपली. दुसरी अर्ध्यापर्यंत आली. आणि तिथे सारे थांबले. सूर्य चढत राहिला. पुढचा आरसा मात्र उजळेना.

"इथे मोठे अंतर आहे," उत्तरा म्हणाली. "ढग आला होता का?"

"ढग कसला? दूध!" नाना म्हणाले, आणि त्यांचा स्वर एकाएकी तरुण झाला. "रथसप्तमी ना! अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवतात. तिने पितळी भांडे सरळ नाभीत ठेवले. म्हणाली, आज गोवऱ्या कशाला? दूध उतू गेल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. मी म्हटले, अग, दीड ओळीचे ऊन, तेही कोवळे, तासभर लागेल. तर म्हणते, सूर्याला घाई नसते, तुम्हालाच असते."

रियाजने मागून विचारले, "भांडं केवढं होतं, नाना?"

नानांनी ओंजळ करून दाखवली. उत्तराने नाभीत पितळेचे तेवढे भांडे मांडले, त्यात दूध मांडले, आणि त्या दीड ओळीचे कोवळे ऊन त्यावर सोडले. आकडे सावकाश चढत होते. ज्यातला एकही थेंब खरा नव्हता अशा त्या दुधाची तिघेजण वाट पाहत होते, आणि दूध खरेच उतू गेले तेव्हा नानांनी नकळत हात जोडले.

पण पुढचा आरसा अजून उजळला नव्हता.

"दूध उतू गेल्यावरही बराच वेळ उरतो," उत्तरा म्हणाली. "तेव्हा काय झाले?"

"दूध उतू गेल्यावर लगेच कोणी उठते का?" नाना म्हणाले. यापेक्षा अधिक त्यांनी काही सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

पाटासमोर बोलताना तिला जे दिसले नव्हते ते त्या अंतरामुळे आता दिसले, आणि तिने ते सांगितले. बाकी ओळींत शेजारच्या आरशांतला फरक थोडाथोडाच होता, म्हणून त्यांची समजूत बाहेरून घालता येत होती. दुसऱ्या ओळीची येत नव्हती. तिचा अर्धा भाग दुधाच्या आधीचा होता, अर्धा नंतरचा, आणि दोहोंना प्रकाश देणारा बाहेरचा आरसा एकच. त्याला दोन घटका एकदम सांगता येत नव्हत्या. एक अर्धे साधले की दुसरे मुशीच्या काठावर जाई आणि मूस तडके. त्या ओळीतले एका बाजूचे आरसे हाताने वळवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. म्हणजे नेमका तो थांबलेला वेळच आरशांतून जाणार होता.

नाना उठले, आणि बाहेर पडले.

ते दोन दिवस पाटासमोर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळीच माळ उतरून गावाकडे गेले. वाटेत फलकांचे ढीग लागले. फुटक्या काचांवर ऊन पडून ते लांबून तलावासारखे चमकत होते. चतुराबाईंच्या ओसरीवर पोहोचेपर्यंत त्यांचा घसा कोरडा झाला होता.

"आवं नाना! ह्या उन्हाचं? बसा, बसा." चतुराबाईंनी घोंगडे अंथरले आणि लगबगीने आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात गुळाच्या खड्यांची ताटली होती. उन्हातून आलेल्या पाहुण्याला त्या मुलखात गूळपाणी देतात. ताटली नानांसमोर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. हातात तांब्या नव्हता.

नानांनी गुळाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"टँकर दुपारचं येतो," चतुराबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "रांजणात हाय त्ये इहिरीचं. आमी प्येतो, काय करणार. पर तुमास्नी कसं देऊ? पावण्याला गूळ देऊन पाणी न्हाई म्हणायचं... सासूनं बघितलं असतं तर मला उंबऱ्याच्या भाईर काढली असती."

नानांनी गुळाचा खडा उचलला, तोंडात घातला, आणि तसाच कोरडा चघळत बसले. मग हात जोडून उठले.

"नाना, रागावला न्हाई न्हवं?"

"चतुराबाई, रागावण्याचा अधिकार आज तुमचा आहे," ते म्हणाले.

अर्कशालेत परतल्यावर त्यांनी उत्तराला शिडी आणायला सांगितली.

"तुम्ही चढू नका, नाना. मी नाभीपाशी फलक धरते आणि रियाज..."

"मी चढणार नाही. तू चढ. फलक मी धरतो." नाना पांढरा फलक घेऊन नाभीपाशी बसले. "ती कशी पाहत होती, ते इतकी वर्षे मला नीट कळलेच नाही. तिच्या जागेवरून एकदा पाहू दे."

बाहेरचा एकच आरसा उघडला. उत्तरा दुसऱ्या ओळीशी उभी राहिली. या वेळी सूर्य चांगला वर होता. दिसणारा आणि असणारा सूर्य जवळजवळ एक झाले होते.

"पाव फेरा," नाना म्हणाले. "उजवीकडे. अग, माझ्या उजवीकडे नव्हे, तुझ्या!"

"म्हणजे तुमच्या डावीकडे."

"वाद घालू नकोस, स्क्रू फिरव. हां... हां. जास्त गेला. माघारी ये."

पहिला कवडसा जागेवर बसला तेव्हा तिने वरून वडिलांकडे पाहिले. फलकावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर परतला होता, आणि त्या उजेडात त्यांचे डोळे ओले होते; पण आवाज स्थिर होता. "पुढचा," ते म्हणाले. एकामागून एक आरसे वळत गेले, आणि त्या ओळीतला थांबलेला वेळ मिटत गेला. शेवटचा आरसा बसल्यावर नानांनीच रियाजला सांगितले की बाहेरचे सगळे आरसे उघड, आणि त्यांना त्यांच्या त्यांच्या घटका सांग.

नाभीत प्रकाश उतरला. ज्योतीचे टोक क्षणभर थरथरले, खाली आले, आणि तिच्या गाभ्यात सामावून गेले. दगडी पाटावर एक पूर्ण, शांत, गोल बिंब उभे राहिले. त्याच्याकडे काळ्या चष्म्यातूनही पाहवेना.

"नाना," खाली उतरल्यावर उत्तरा म्हणाली, "ती सकाळ प्रतिभानूत जपून ठेवली आहे. दुधासकट. हवी तेव्हा दाखवीन."

"ठेव," नाना म्हणाले. "तुझ्यासाठी ठेव. मला नको दाखवूस. तुझ्या गणितात दूध वेळेवर उतू जाते. माझ्या आठवणीत ते अजून तापतेच आहे; ते तसेच राहू दे."

वैशाखाच्या आरंभी परीक्षा झाली. मूस तडकली नाही. फलकांचा करडा चुरा आधी लाल झाला, मग पिवळा, आणि मग त्याचे करडेपण संपून मुशीत एक तेजस्वी द्रव डोलू लागला. ज्या सूर्याला झेलता झेलता ते फलक मेले होते, त्यानेच त्यांना पुन्हा अंगावर घेतले होते. चतुराबाई काळी काच डोळ्यांना लावून पाहत होत्या. 

"ढीग किती दिसांत संपंल?" अखेर त्यांनी विचारले.

"ढीग दोन वर्षांत," उत्तरा म्हणाली. "विहिरी निवळायला त्याहून जास्त लागतील. जमीन सावकाश विसरते."

"इसरू द्या सावकाश. आमी तवर दम धरू. पोरं तेवढी लौकर शिकू द्यात."

नाना थोडे मागे, भिंतीशी उभे होते. नाभीकडे त्यांची पाठ होती आणि तोंड आतल्या आरशांकडे. प्रत्येक आरशात त्या द्रवाचा एकेक ठिपका उतरला होता, आणि सारी भिंत चांदण्यासारखी दिसत होती. त्यांनी खिशातून मऊ फडके काढले आणि उत्तराच्या हाती दिले.

"उद्यापासून धूळ तू पूस," ते म्हणाले.

त्या माळावरच्या विहिरी सावकाश का होईना, निवळोत. तिथल्या मुलांना शिकलेले स्मरणात राहो, आणि चतुराबाईंच्या ओसरीवर आलेल्या पाहुण्याला गुळाबरोबर पाणी मिळो. रियाजच्या हातून घडेल ते उजळ होवो. सत्य सांगणे जिच्या जिवावर आले आणि तरी जिने ते सांगितले, त्या मुलीचा हात स्थिर राहो. ज्याने आपल्या ठेव्यातला सर्वांत प्रिय भाग आपणहून सोडला, त्या वृद्धाची सकाळ रिकामी न राहो. आणि इंदुमतीबाई जिथे असतील, तिथे त्यांच्यावर पडणारे ऊन सदैव कोवळे असो.